जेम्स मार्टिन : सैन्यनोंदीतील वय आणि एका किशोर सैनिकाचा मृत्यू

प्रस्तावना :
पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाने समुद्रापार पाठविलेले सैन्य पूर्णतः स्वयंसेवी होते. सक्तीच्या लष्करभरतीचा प्रस्ताव तेथील मतदारांनी १९१६ व १९१७ च्या सार्वमतांत फेटाळला. मात्र स्वेच्छेने भरती होणाऱ्याचे वय त्याच्या सांगण्यावरूनच नोंदविले जात असे. एकवीस वर्षांखालील तरुणास पालकांचे संमतिपत्र आवश्यक होते. जन्मदाखला मागितला जात नसे. या व्यवस्थेतील उणीव जेम्स मार्टिन याच्या अल्प सैनिकी जीवनातून स्पष्ट होते.

भरती :
जेम्सचा जन्म ३ जानेवारी १९०१ रोजी न्यू साउथ वेल्समधील टोकमवाल येथे झाला. वडिलांना सैन्याने नाकारल्यावर त्यांच्या जागी जाण्याचा हट्ट या एकुलत्या एका मुलाने धरला. परवानगी न दिल्यास खोट्या नावाने भरती होईन व पत्रही पाठविणार नाही, असे त्याने बजावले. मुलाची खबर तरी मिळत राहावी म्हणून आईने नाइलाजाने संमती दिली. १२ एप्रिल १९१५ रोजी मेलबर्न येथे तो अठरा वर्षांचा म्हणून नोंदला गेला. वास्तविक त्याचे वय चौदा वर्षे तीन महिने होते.

रणभूमी :
एकविसाव्या बटालियनमधून तो इजिप्तमार्गे गॅलिपोलीकडे निघाला. २ सप्टेंबर १९१५ रोजी ‘साउथलँड’ हे जहाज जर्मन पाणबुडीच्या टॉर्पेडोने निकामी झाले. त्या वेळी त्याने काही तास पाण्यात काढले. त्यानंतर आठवड्याभरातच तो गॅलिपोलीच्या खंदकांत दाखल झाला. तेथे पाण्याची टंचाई, माश्या व अस्वच्छता यांमुळे आमांश आणि विषमज्वर पसरले होते. माझी काळजी करू नका, असे त्याने घरी कळविले. घरून एकही पत्र न मिळाल्याची खंतही त्याने व्यक्त केली. विषमज्वराने ग्रासल्यावर २५ ऑक्टोबर रोजी त्यास ‘ग्लेनार्ट कॅसल’ या रुग्णालय-जहाजावर नेण्यात आले. त्याच सायंकाळी हृदयक्रिया बंद पडून त्याचा मृत्यू झाला. त्याचे वय चौदा वर्षे नऊ महिने होते. त्याला सागरात जलसमाधी देण्यात आली. त्याची कबर नाही. लोन पाइन स्मारकावर केवळ नाव आहे.

निष्कर्ष :
पहिल्या महायुद्धात मरण पावलेला सर्वांत लहान ऑस्ट्रेलियन सैनिक म्हणून जेम्स ओळखला जातो. या प्रकरणातून दोन बाबी दिसून येतात. पहिली, सैन्यनोंद ही सरकारी असली तरी तिच्यातील वय हे केवळ उमेदवाराचे निवेदन होते. जन्मनोंदीशी पडताळल्याशिवाय अभ्यासकाने ते प्रमाण मानू नये. दुसरी, वयाची खातरजमा करण्याची जबाबदारी शासनाने कुटुंबावर सोपविली होती. त्यामुळे आईपुढे मुलाला पाठविणे किंवा त्याच्याशी संपर्कच गमावणे एवढेच पर्याय उरले. ज्या पत्रांच्या आशेने तिने स्वाक्षरी केली, ती पत्रे काही महिन्यांतच थांबली. म्हणूनच ‘स्वेच्छा’ ही संज्ञा वापरताना इतिहासकाराने तिच्यामागील कौटुंबिक अगतिकताही विचारात घेणे आवश्यक ठरते.