हिरवा सोफा आणि बैठकीची खोली : आधी फरशी, मग उजेड, मग भिंत

मन्नाएखेळ्ळी : सोलापूर-हैदराबाद महामार्गावरच्या या गावातून सोफा घ्यायला निघालं की एका बाजूला हुमनाबाद आणि दुसऱ्या बाजूला तेलंगणातलं जहीराबाद. निमित्त लग्नाचं असो की वास्तुशांतीचं, सोफा एकदा घरात आला की दहा-बारा वर्षं तरी जागचा हलत नाही. सध्या हिरव्या रंगाला मागणी आहे. पण दुकानातल्या झगमगाटात आवडलेला हिरवा घरी आल्यावर काळपट दिसतो, भिंतीशी जुळत नाही. मग आधी पडदे बदलायचे, नंतर भिंतीचा रंग, नंतर गालिचा, असा खर्च वाढतच जातो. हा खर्च टाळायचा तर नियम सोपा आहे : जे बदलता येत नाही, तिथून सुरुवात करायची.

हिरवा म्हणजे कोणता?

मराठीत पोपटी, शेवाळी, मेंदी, पिस्ता, बाटली हिरवा, मोरपंखी अशा कितीतरी छटांना वेगळी नावं आहेत. सीमाभागातला दुकानदार मात्र त्याच सोफ्याला कन्नडमध्ये 'हसिरु', तेलुगूत 'आकुपच्च' किंवा दख्खनीत 'हरा' म्हणेल. फोनवर नाव सांगून रंग ठरवला तर घोटाळा होणारच. म्हणून सोफ्याच्या कापडाचा हातभर तुकडा मागून घ्यावा. घरी फरशीवर ठेवून तो सकाळी, दुपारी आणि रात्री दिवा लावून बघावा. पडदे आणि भिंतीचा रंग घ्यायला जाताना तोच तुकडा सोबत न्यावा.

आधी फरशी

या भागात अजून पुष्कळ घरांत शहाबादी फरशी आहे. कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादच्या नावानं ओळखला जाणारा हा चुनखडीचा दगड राखाडी, थोडा निळसर असतो. राखाडीवर जवळपास कोणताही हिरवा शोभतो, गडद बाटली हिरवा तर जास्तच. पांढऱ्या चकचकीत टाईल्सवर गडद सोफा एकटा पडल्यासारखा दिसतो. तिथे मधे जमखाना किंवा गालिचा हवाच. तपकिरी किंवा लालसर टाईल्स असतील तर शेवाळी आणि मेंदी घ्यावा. पोपटी तिथे डोळ्यांवर येतो.

जुन्या घरात बिदरचा लाल जांभा दगड उघडा असेल तर त्याला रंग फासू नये. बिदर किल्ल्याचा खंदक याच दगडात खोदलेला आहे. रंगचक्रात हिरव्याच्या समोर लाल येतो, त्यामुळे जांभ्याच्या गेरूसारख्या भिंतीपुढे हिरवा सोफा आपोआप उठून दिसतो. तिथे आणखी सजावट लागत नाही.

मग उजेड

माळवदाच्या घरात खिडक्या लहान आणि तुळया काळसर. अशा खोलीत बाटली हिरवा संध्याकाळी सरळ काळा दिसतो. तिथे पिस्ता किंवा फिकट शेवाळी बरा. स्लॅबच्या घरात मोठी खिडकी असेल तर गडद रंग चालतो, फक्त सोफा पश्चिमेच्या उन्हात ठेवू नये. इथला एप्रिल-मेचा उन्हाळा रंग उडवतो, आणि एक हात हिरवा, दुसरा फिका असा सोफा दोन वर्षांत दिसायला लागतो.

दिव्याचाही फरक पडतो. पांढऱ्या-निळसर एलईडी ट्यूबखाली हिरवा थंड आणि निळसर दिसतो, पिवळसर बल्बखाली तोच शेवाळीकडे झुकतो. बैठकीत २७०० ते ३००० केल्विनचा एक पिवळसर दिवा कोपऱ्यात असावा. अभ्यासाला किंवा हिशेबाला पांढरी ट्यूब वेगळी ठेवावी.

मग भिंत

सोफा हिरवा म्हणून भिंतही हिरवी, ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. सुरक्षित रंग म्हणजे साईचा पांढरा, हलका बदामी, मातकट गुलाबी किंवा फिका राखाडी. एखादी भिंत वेगळी करायची हौस असेल तर गेरू किंवा हळदीचा मंद रंग सोफ्यामागच्या एकाच भिंतीला द्यावा. डबा विकत घेण्याआधी दोन बाय दोन फुटांचा पट्टा रंगवून दोन दिवस बघायचा. ओला रंग आणि वाळलेला रंग सारखा नसतो.

मापं घेतल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत

दहा बाय बारा फुटांच्या खोलीत पाच जणांचा पूर्ण संच घातला तर चालायला जागा उरत नाही. तिघांचा सोफा साधारण साडेसहा ते सात फूट लांब आणि तीन फूट खोल असतो. तेवढा एकच घ्यावा, सोबत उचलता येतील अशा दोन खुर्च्या. येण्याजाण्याची वाट अडीच ते तीन फूट मोकळी राहिली पाहिजे. टेबल आणि सोफा यांत दीड फूट पुरतो. फोटो किंवा चित्र पाठीच्या वर सात-आठ इंचांवर लावावं. फार वर गेलं की ते सोफ्यापासून तुटतं.

दाराचं मापही विसरू नये. जुन्या घराचं दार अरुंद आणि बुटकं असतं. सोफा अंगणातच अडल्याचे प्रसंग या भागाला नवीन नाहीत. घरात गुडघेदुखीची म्हातारी माणसं असतील तर बैठक जमिनीपासून १७-१८ इंच उंच हवी. खोल आणि मऊ सोफ्यातून त्यांना उठता येत नाही.

कापड आणि कारागिरी जवळचीच

मखमल दिसायला देखणी, पण महामार्गाकाठची धूळ लगेच दाखवते. रेक्झिन पुसायला सोपं, पण उन्हाळ्यात अंगाला चिकटतं. जाड विणीचं सुती मिश्र कापड मधला मार्ग. वर दुपारपुरती सोलापुरी चादर टाकली तर ऊन आणि धूळ दोन्हीपासून बचाव होतो.

खाली धारवाड जिल्ह्यातल्या नवलगुंदचा जमखाना शोभतो. त्यातला लाल आणि पिवळा हिरव्याशी चांगला बोलतो. सोफ्याचे पुढचे दोन पाय जमखान्यावर आले की बैठक एकसंध दिसते. आजीच्या जुन्या लुगड्यांची गोधडी सोफ्याच्या पाठीवर घडी घालून टाकली, तर नवीन उशा घ्यायचीही गरज नाही.

टेबलावर एकच बिदरी वस्तू पुरे. जस्त आणि थोड्या तांब्याच्या मिश्रधातूवर चांदीची जडावाची कलाकुसर करतात. मग किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या द्रावणानं धातू काळा होतो, चांदी पांढरी राहते. हा काळा-पांढरा मेळ कोणत्याही हिरव्याशी भांडत नाही. बिदरच्या रंगीन महालातही काळ्या दगडात शिंपल्यांचं जडावकाम आहे, म्हणजे ही जोडी या मातीत जुनी आहे. बिदरी वस्तू चिंचेनं किंवा राखेनं घासू नये. मऊ कापडावर थोडं खोबरेल घेऊन पुसावी.

सतरंजी काढून टाकू नका

नवा सोफा आला की सतरंजी माळ्यावर जाते. पण बघण्याचा कार्यक्रम, भजन, दुखवट्याची बैठक, या गोष्टी सीमाभागात अजून जमिनीवर बसूनच होतात. वीस माणसं आली तर तिघांच्या सोफ्यावर कुणी बसायचं, हा प्रश्न अवघड होतो. म्हणून सोफा भिंतीलगत ठेवावा, टेबल हलकं असावं आणि मधली जागा मोकळी करता आली पाहिजे. सोफा पाहुण्यांना बसवण्यासाठी असतो, पाहुणे कमी करण्यासाठी नाही. एवढं सांभाळलं तर रंग कोणताही असो, खोली आपलीच वाटते.