बेतीची चौकी, काशियासचा किल्ला

१९५५चा ऑक्टोबर. पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू होऊन सहा महिने झाले होते. गाणे लागायच्या वेळी लोक घरातल्या रेडिओला हार घालत, उदबत्ती लावत. गीते गदिमांची, चाली सुधीर फडक्यांच्या. त्याच महिन्यात मांडवीच्या पलीकडे, पणजीच्या अगदी समोर, बेतीच्या पोलीस चौकीवर गोवामुक्तीसाठी लढणाऱ्या आझाद गोमंतक दलाने छापा घातला. गोळी लागून जखमी झालेला एक तरुण पोर्तुगीजांच्या हाती लागला.

त्याचे नाव मोहन रानडे. तेही घेतलेले, खरे नाव मनोहर आपटे. मूळ सांगलीचा हा तरुण मराठीचा शिक्षक म्हणून गोव्यात शिरला आणि तिथल्या सशस्त्र लढ्यात उतरला. पोर्तुगीज न्यायालयाने त्याला सव्वीस वर्षांची शिक्षा ठोठावली आणि पुढे त्याची रवानगी थेट पोर्तुगालला झाली. लिस्बनच्या पश्चिमेला, तेजो नदी समुद्राला मिळते त्या किनाऱ्यावर काशियासचा किल्ला आहे. पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार यांच्या गुप्त पोलिसांनी पकडलेले राजकीय कैदी तिथे ठेवले जात. रानडे यांची कित्येक वर्षे एकांतकोठडीत गेली.

फडक्यांना हे नाव वर्तमानपत्रातून कळले असे नाही. जन्माने ते कोल्हापूरकर. गाण्याचे पहिले धडे त्यांनी कोल्हापुरातच वामनराव पाध्यांकडे घेतले. हा संगीतकार १९५४ साली दादरा-नगर हवेलीच्या सशस्त्र मुक्तिलढ्यात होता. त्या मोहिमेच्या खर्चासाठी पुण्यात लता मंगेशकरांच्या गाण्याचा कार्यक्रम झाला, त्यामागेही फडक्यांची खटपट होती. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. त्या लढ्यात रानडेही होते. त्यामुळे पुढे रानडे यांच्या सुटकेसाठी समिती उभी राहिली तेव्हा फडके त्यात अग्रभागी असावेत, हे ओघानेच आले. तुरुंगात होता तो त्यांचा लढ्यातला सोबती.

पण अर्ज करायचा कोणाकडे? भारताने लिस्बनमधली आपली वकिलात १९५३ मध्येच बंद केली होती आणि १९५५ मध्ये उरलेसुरले संबंधही तुटले. दिल्लीला लिस्बनशी एक वाक्य बोलायचे तर तिसऱ्या देशाला मध्ये घ्यावे लागे. शिवाय पोर्तुगालने १९५१ मध्ये घटनादुरुस्ती करून गोव्याला ‘सागरापारचा प्रांत’ ठरवून टाकले होते. लिस्बनच्या हिशेबात गोवा म्हणजे पोर्तुगालच, आणि तिथे चौकीवर हल्ला करणारा रानडे हा साधा गुन्हेगार. त्याच्याबद्दल परक्या सरकारने बोलायचे कारणच काय?

१९ डिसेंबर १९६१ रोजी गव्हर्नर-जनरल वासालू इ सिल्वा शरण आले आणि साडेचारशे वर्षांची सत्ता दोन दिवसांत संपली. तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक भारताच्या ताब्यात आले. त्यांना परत नेण्याची सालाझार यांना घाई नव्हती. शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा हुकूम मोडून शरण आलेल्यांवर त्यांचा राग होता. अखेर मे १९६२ मध्ये या सैनिकांना विमानाने कराचीला नेण्यात आले आणि तिथून ते जहाजाने मायदेशी गेले. रानडे मात्र काशियासमध्येच राहिले. ज्या गोव्यासाठी त्यांनी गोळी खाल्ली तो गोवा स्वतंत्र झाला, पण त्यांची कोठडी उघडली नाही. भारताच्या हातात देवाणघेवाण करण्याजोगे काही होते ते फक्त त्या पाच महिन्यांत. ती संधी दवडली गेली, याचा दोष लिस्बनला देता येत नाही.

कैद्यासाठी परक्या सरकारचे दार ठोठावणे मराठी माणसाला नवे नव्हते. ८ जुलै १९१० रोजी मार्सेय बंदरात ‘मोरिया’ बोटीतून सावरकरांनी समुद्रात उडी घेतली. किनाऱ्यावर फ्रेंच पोलिसाने त्यांना धरून पुन्हा इंग्रजांच्या हवाली केले. समाजवादी नेते जाँ जोरेस यांच्या ‘ल्युमानिते’ने आवाज उठवला आणि फ्रान्स सरकारने इंग्लंडकडे सावरकरांना परत मागितले. प्रकरण हेगच्या लवादापुढे गेले. २४ फेब्रुवारी १९११ रोजी निकाल लागला : सोपवण्यात अनियमितता झाली, पण इंग्लंडवर कैदी परत करण्याचे बंधन नाही. फडके सावरकरभक्त होते; लोकवर्गणीतून त्यांनी उभा केलेला ‘वीर सावरकर’ चित्रपट २००१ मध्ये पडद्यावर आला. सरकारने सरकारकडे मागणी केली तरी माणूस सुटतोच असे नाही, हे त्यांना हेगच्या निकालावरून ठाऊक असणार.

रानडे यांच्या बाबतीत दार हलले ते कोणाच्या ध्यानीमनी नसलेल्या बाजूने. १९६८ मध्ये मद्रासचे मुख्यमंत्री सी. एन. अण्णादुराई परदेश दौऱ्यात व्हॅटिकनला गेले आणि पोप पॉल सहावे यांना भेटले. पेरियारांच्या नास्तिक चळवळीत वाढलेल्या या तमिळ नेत्याने पोपकडे एका मराठी कैद्याची सुटका मागितली. पोर्तुगालशी बोला, असे अण्णादुराईंनी पोपना सांगितले.

पोपचा शब्द लिस्बनला टाळणे अवघड होते. सालाझार स्वतः तरुणपणी सेमिनरीत शिकलेले, त्यांची राजवट कडवी कॅथलिक. तरीही व्हॅटिकनशी त्यांचे खटके उडत. डिसेंबर १९६४ मध्ये हेच पोप मुंबईच्या धर्मपरिषदेला आले, तेव्हा गोवा घेणाऱ्या देशात ते गेलेच कसे, म्हणून पोर्तुगाल सरकारने उघड नाराजी दाखवली होती. सप्टेंबर १९६८ मध्ये आजारी सालाझार यांच्या जागी मार्सेलू कायतानू आले. सुटकेत पोपच्या शब्दाचा वाटा किती आणि सत्ताबदलाचा किती, हे वेगळे काढता येत नाही. पण ही काही सरसकट माफी नव्हती, एवढे नक्की. गोव्याचे कवी आणि संपादक तेलो द मास्कारेन्यश पोर्तुगालच्या तुरुंगातून बाहेर आले ते १९७० मध्ये.

रानडे सुटले जानेवारी १९६९ मध्ये, तेरा वर्षांहून अधिक काळ आत काढून. भारतात आल्यावर आभार मानायला ते मद्रासला गेले, पण ३ फेब्रुवारीला अण्णादुराईंचे कर्करोगाने निधन झाले होते. रानडे यांना त्यांच्या स्मारकापुढे हात जोडून परतावे लागले. गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने कराराने मान्य केले ते ३१ डिसेंबर १९७४ रोजी. काशियासमधले राजकीय कैदी त्याच वर्षी एप्रिलमध्ये, लष्करी उठावानंतर, मोकळे झाले होते. पोपकडे शब्द टाकला गेला नसता, तर कदाचित रानडेही त्या दिवसापर्यंत आत राहिले असते.

‘सतीचे वाण’ या पुस्तकात त्यांनी आपली हकीकत लिहून ठेवली. २००१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २५ जून २०१९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यानंतर बाविसाव्या दिवशी, १७ जुलैला, त्याच हेगमध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आणखी एका भारतीय कैद्याबद्दल निकाल दिला. त्याच्या फाशीचा पाकिस्तानने फेरविचार करावा, त्याला भारतीय वकिलातीशी भेटू द्यावे, असे न्यायालयाने सांगितले. सोडून द्या, असे सांगितले नाही. त्या कैद्याचे नाव कुलभूषण जाधव. त्यांचाही जन्म सांगलीचाच.