पिंपरीचे कारखाने आणि कारागिराची शाळा



दहावीचा निकाल लागला की शाळेच्या व्हरांड्यात दरवर्षी एक प्रश्न हमखास कानी पडतो. "सर, पोराला पुढं शिकवू की गॅरेजात घालू?" विचारणारा बाप कष्टकरी असतो. मुलाचे वाईट व्हावे असे त्याला मुळीच वाटत नसते. घरात चार पैसे लवकर यावेत, एवढीच त्याची अपेक्षा. या प्रश्नाचे उत्तर उपदेशाने देण्यापेक्षा आपल्या पिंपरीच्या इतिहासातूनच द्यावे, या हेतूने हा लेखनप्रपंच.

पिंपरी, चिंचवड, आकुर्डी ही मूळची शेतीवाडीची गावे. फाळणीनंतर पिंपरीत सिंधी निर्वासितांची वसाहत झाली. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना होऊन येथे उद्योगाचा पाया पडला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याच दशकात आकुर्डीस बजाज ऑटो व बजाज टेम्पो, तर पिंपरी-चिंचवडला टेल्को असे वाहनांचे कारखाने उभे राहिले. १९७० साली नगरपालिका व १९८२ साली महानगरपालिका झाली, ती या कारखान्यांच्या मागोमाग.

यांतील टेल्कोची, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सची, कथा आपण नीट लक्षात घ्यावी अशी आहे. पुण्याच्या कारखान्याचा आरंभ १९६६ चा. परंतु येथून पहिले वाहन बाहेर पडले १९७७ मध्ये! मधली अकरा वर्षे काय चालले होते? तर यंत्रे बनविणारी यंत्रे, पत्र्याला आकार देणारे साचे आणि संशोधन केंद्र यांची उभारणी चालली होती, आणि त्याबरोबरच शिकाऊ मुलांना घडविण्याचे काम. या कारखान्याचे शिल्पकार सुमंत मुळगावकर यांची दृष्टी अशी की आधी अवजार आणि ते धरणारा हात तयार व्हावा, गाडी मागाहून येईल. एवढ्या मोठ्या कंपनीने शिक्षणासाठी धीर धरला. मग आपण मुलासाठी दोन वर्षे धीर धरू नये काय?

सरकारनेही या बाबतीत पावले टाकली होती. १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली; तिच्यातूनच आपल्या परिचयाच्या आय.टी.आय. देशभर पसरल्या. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यांवर उमेदवार घेण्याचे व त्यांना विद्यावेतन देण्याचे बंधन आले. मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. मुलगा प्रथम कानस धरून लोखंड घासतो, व्हर्नियर व मायक्रोमीटरने मापे घेतो. मग इंजिन खोलणे, व्हॉल्व्हची फट फीलर गेजने तपासणे, ब्रेक व वायरिंग, असे क्रमाने शिकतो. सोबत आकृती वाचणे आणि गणितही असते. अमेरिकेत हेच काम कम्युनिटी कॉलेजे करतात. त्या परंपरेतील जोलिएटचे महाविद्यालय १९०१ पासून चालू आहे. जर्मनीत तर काही शिक्षण शाळेत व काही कारखान्यात, अशी जुनी पद्धत आहे.

याचा अर्थ गॅरेजातील उस्ताद कमी प्रतीचा, असा कोणी घेऊ नये. उस्ताद-शागीर्दाची परंपरा थोर आहे. माझा एक माजी विद्यार्थी नववीतूनच गॅरेजात गेला. आज तो इंजिनाचा नुसता आवाज ऐकून दोष सांगतो. मागे भेटला तेव्हा म्हणाला, "सर, काम मला येतं, पण कारखान्याच्या दारात कागद मागतात. तो कुठून आणू?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. वर्गात त्याला मीच अडविले असते तर, हा विचार अजूनही मनाला टोचतो.

आणि आता तर नुसत्या कानावरही भागत नाही. आकुर्डीचेच उदाहरण घ्या. १९७२ मध्ये बजाजची 'चेतक' स्कूटर आली आणि घरोघरी पोहोचली. २००७ मध्ये आकुर्डीतील उत्पादन थांबले. २०२२ मध्ये त्याच आकुर्डीत विजेवर चालणाऱ्या चेतकचा कारखाना सुरू झाला. नाव तेच, पण प्लग गेला, कार्बुरेटर गेला, बॅटरी व मोटर आली. २०२० पासून लागू झालेल्या बी.एस. ६ नियमांमुळे पेट्रोल-डिझेलच्या नव्या गाड्यांतही सेन्सर व संगणक वाढले असून दोष शोधण्यास स्कॅनर जोडावा लागतो. तो काय दाखवितो हे वाचता आले पाहिजे. ज्याला मूळ तत्त्व ठाऊक, तो नवे यंत्र महिन्यात शिकेल. ज्याला केवळ सवय ठाऊक, तो मागे पडेल.

मुलींच्या पालकांनाही दोन शब्द. १९७४ मध्ये टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असे छापले होते. सुधा कुलकर्णी (पुढे सुधा मूर्ती) या विद्यार्थिनीने जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला आणि पुण्याच्या कारखान्यात नोकरी मिळविली. आज त्याच कंपनीच्या पुण्याच्या कारखान्यात मुली मोटारींची जुळणी करीत आहेत. तेव्हा पाना हा मुलांनीच धरावा, असे मानण्याचे दिवस सरले.

सारांश, पालकहो, मुलाला गॅरेजात जरूर पाठवा. पण सुट्टीत, हात वळावा म्हणून. दहावी मात्र पूर्ण होऊ द्या, आय.टी.आय.चा अर्ज वेळेवर भरा आणि उमेदवारी पुरी करू द्या. आणि विद्यार्थी मित्रहो, गणिताच्या तासाला खिडकीबाहेर पाहू नका. हाताला काम पिंपरी देईल. त्या हाताला किंमत मात्र शिक्षणानेच येईल.