ओस्लोपासून नांदेड-लातूरपर्यंत



१९४८ साली निजामी राजवट संपली, तेव्हा मराठवाड्यातील मुलाला अभियंता व्हावयाचे तर हैदराबाद, पुणे किंवा मुंबई गाठणे भाग होते. पुढे १९६० साली तेव्हाच्या औरंगाबादला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. १९८१ साली नांदेडला श्री गुरु गोविंदसिंगजी महाविद्यालय, तर १९८३ साली लातूरला बिडवे महाविद्यालय सुरू झाले. विद्या दारी आली. परंतु दार उघडे असणे आणि आत पाऊल टाकणे यांत अंतर आहे.

हे अंतर कोठे जाणवते? संगणकाच्या अभ्यासक्रमात 'ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग' हा विषय येतो तेथे. उर्दू वा मराठी शाळेतून आलेला हुशार मुलगा येथे व्याख्या पाठ करतो, परीक्षेत उतरवितो, आणि यंत्रासमोर बसल्यावर त्याचा हात थांबतो. दोष बुद्धीचा नसतो. ही विद्या कशासाठी जन्मली, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

ती जन्मली नॉर्वेत. १९६० नंतरच्या दशकात ओस्लो येथे ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगार्ड हे प्रत्यक्ष व्यवहारांची संगणकावर प्रतिकृती करू पाहत होते. तोवरच्या पद्धतीत माहिती एकीकडे आणि तिच्यावरील सूचना दुसरीकडे, अशी फाटाफूट बहुधा असे. व्यवहार वाढला की गोंधळ वाढे. त्यांनी दोन्ही एकत्र बांधले. 'सिम्युला ६७' ही भाषा त्यातून निघाली. पुढे अमेरिकेत अॅलन के व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'स्मॉलटॉक' रचली. १९७९ साली बियार्ने स्ट्रोउस्ट्रुप यांनी सिम्युलाचा हा विचार 'सी' भाषेत आणावयास घेतला. १९८५ साली 'सी प्लस प्लस' बाजारात आली. १९९५ साली 'जावा' आली.

आता आपल्या शाळेच्या कचेरीकडे पाहा. दाखल्याचा कोरा छापील नमुना म्हणजे 'क्लास'. नाव भरून हाती पडलेला दाखला म्हणजे 'ऑब्जेक्ट'. नमुना एक, दाखले हजार. कारकुनाच्या कपाटात तुम्ही हात घालीत नाही, खिडकीवर मागता. हे 'एन्कॅप्सुलेशन'. विद्यार्थ्याच्या नोंदीत जे आहे ते शिष्यवृत्तीधारकाच्या नोंदीत असतेच, वर थोडे अधिक. हा वारसा, म्हणजे 'इन्हेरिटन्स'. आणि घंटा एकच वाजते. पण शिक्षक वर्गात जातात, मुले रांग लावतात, शिपाई फाटक लावतो. एकाच हाकेला ज्याचे त्याचे उत्तर, हेच 'पॉलिमॉर्फिझम'. सांगा, यात कठीण ते काय?

कोणी म्हणेल, हे घरच्या भाषेत समजून काय उपयोग, पेपर तर इंग्रजीत! इतिहास वेगळे सांगतो. नवव्या शतकात बगदादच्या अल् ख्वारिज्मी यांनी गणितावर अरबीत लिहिले. बाराव्या शतकात युरोपाने ते लॅटिनमध्ये उतरवून घेतले. 'अल्गोरिदम' हा शब्द त्यांच्याच नावावरून पडला. आपल्याजवळ, हैदराबादेत, १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षण उर्दूतून दिले आणि त्यासाठी शास्त्रीय ग्रंथ भाषांतरित करविले. समज आपल्या भाषेत पक्की झाली की परकी परिभाषा अंगवळणी पडते. इंग्रजी शिकावीच लागेल, ती टाळता येणार नाही. पण तिच्या भीतीने विषयच सोडणे हा तोटा पिढीचा आहे.

म्हणून पालकांना विनंती : मुलाला गुण विचारता, तसे "आज काय समजले, मला सांग" असेही विचारा. मुलीलाही तितक्याच आस्थेने विचारा, आणि तिचे शिक्षण बारावीवर थांबवू नका. विद्यार्थ्यांनो, पुस्तकातील उदाहरण उतरवून थांबू नका. वडिलांच्या दुकानाची उधारीची वही घ्या, तिच्यात क्लास कोणता, ऑब्जेक्ट कोणते ते शोधा, आणि स्वतः लिहून यंत्रावर चालवा. पहिल्या वेळी चुकेल. दहाव्या वेळी चालेल. ते चालेल त्या दिवशी ही विद्या ओस्लोची राहणार नाही, तुमची होईल.