सोळा पडाव आणि पाऊण तास

भूगोलाच्या तासाला अंतर मोजायला मी मुलांच्या हाती दोरा देत असे. नकाशावरच्या नागमोडी रस्त्यावर तो बसवायचा, मग पट्टीवर धरायचा. श्रीनगर ते लेह मी मुद्दाम विचारायचे. रस्त्याने 434 किलोमीटर भरायचे. दोरा सरळ ताणला तर जेमतेम 250. एवढा फरक का, यावरच अख्खा तास जाई.

मोटाररस्ता होण्याआधी ही वाट सोळा पडावांची होती. सोनमर्ग, बालटाल, मग झोजी लाची खिंड, द्रास, कारगिल, मुलबेख, लामायुरू, नुर्ला, सासपोल, निमू वगैरे. चहा, कापड, पश्मीना, सगळं तट्टांच्या पाठीवरून जाई. मला सगळ्यात थरारक वाटतो तो झोजी ला. उंची 3,528 मीटर, म्हणजे पुढच्या फोटू लापेक्षा कमीच, पण बर्फ इथे भयंकर पडतो. हिवाळ्यात तो ओलांडायचा तर रात्रीच, बर्फ घट्ट असताना. उन्हं चढली की कडे सुटू लागतात.

काश्मीरसाठीचं भारत-पाकिस्तान युद्ध चालू असताना, 1948 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, मेजर पृथी चंद आपली छोटी तुकडी घेऊन याच खिंडीतून लेहला गेले. त्यांच्यासोबत सोनम नोर्बू हे लडाखी अभियंते होते. लेहच्या रक्षणाला मूठभर माणसं, शत्रू पुढे सरकत असलेला, आणि मे महिन्यात तर कारगिल-द्रासची वाटच तुटली. तोवर सिंधूकाठच्या रेताड माळावर नोर्बूंनी गावकऱ्यांना हाताशी धरून धावपट्टी तयार केली होती. मोठी यंत्रं नव्हती. दगड वेचायचे, खड्डे बुजवायचे, जमीन सपाट करायची, सगळं हातांनी. 24 मे रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी तिथे डाकोटा उतरवलं. सोबत जनरल थिमय्या होते. त्या विमानात हवेचा दाब राखणारी केबिन नव्हती, आणि भोवती वीस हजार फुटांवरची शिखरं. मेहर सिंगांचं धाडस मोठंच, पण ते उतरले त्या जमिनीबद्दल आपण फार कमी बोलतो, याचं मला वाईट वाटतं.

निवृत्तीनंतर मी स्वतः श्रीनगरहून लेहला विमानाने गेले. उड्डाण सकाळचं होतं. ऊन तापलं की तिथली मुळात विरळ हवा आणखी विरळ होते, विमानाला उचल कमी मिळते, आणि दुपारनंतर दरीत वारा सुटतो. खिडकीला नाक लावून मी पडाव शोधत होते. द्रास कुठलं, कारगिल कुठलं, काही ठरवेपर्यंत पाऊण तास संपला आणि स्पितुकच्या गोम्पाखाली, म्हणजे बौद्ध मठाखाली, चाकं टेकली.

संध्याकाळी डोकं ठणकू लागलं. श्रीनगर सोळाशे मीटरवर, लेह साडेतीन हजारांवर. तट्टांबरोबर चालणाऱ्याचं शरीर दर मुक्कामाला थोडं थोडं रुळत जाई. माझ्या शरीराला ते मुक्काम मिळालेच नव्हते. मी उतरले होते त्या घरच्या मालकीणबाईंनी बजावलं, "आचीले (ताई), दोन दिवस नुसतं पडून राहा." पडून राहिले.

तिसऱ्या दिवशी हळूहळू चालत बाहेर पडले. जिल्हा रुग्णालयाच्या पाटीवर सोनम नोर्बूंचं नाव होतं. दम खायला थांबायचंच होतं, तिथेच थांबले.