मुंबईच्या बाजारांची नावे : ठाकुर्लीच्या ग्राहकासाठी एक टिपण

परगावच्या ग्राहकाला बाजाराची वाट दाखविणारे लेखन ही आधुनिक काळाची निर्मिती होय, असा सर्वसाधारण समज आहे. ठाकुर्लीच्या परिसरात तरी तो टिकत नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ व्यापाऱ्यांसाठीच रचलेला असून, ठाकुर्लीलगतचे कल्याण त्यात ‘कल्लिएना’ या नावाने आले आहे. पूर्वी ही विधिमान्य पेठ होती. पुढे सत्तांतर होऊन व्यापाराला अडथळे आले आणि तेथे पोहोचलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असा इशारा ग्रंथकार देतो. कान्हेरीच्या दानलेखांतही कल्याणचे व्यापारी आणि सोनार भेटतात.

पुढे हा प्रवाह उलटला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी सुरू झाली आणि १ मे १८५४ रोजी तिचा मार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा कल्याण परिसरातील माणसाला मुंबईचा बाजार एका दिवसाच्या टप्प्यात आलेला होता. लग्नाच्या बस्त्यासाठी मुंबई गाठण्याची रीत आजही येथे आहे. अशा ग्राहकाला सर्वांत जुना वाटाड्या लाभतो तो बाजारांच्या नावांचा. मात्र हा वाटाड्या गतकाळाची वाट दाखवितो. तेव्हा त्याचे बोलणे ऐकताना काळाचे भान ठेवावे लागते, एवढेच येथे दाखवावयाचे आहे.

ठाकुर्लीहून धिम्या गाडीने निघालेला ग्राहक बहुधा मशीद स्थानकावर उतरतो. या नावावरून त्याच्या मनात जे चित्र उभे राहते, ते इतिहासाला धरून असेलच असे नाही. जवळच १७९६ साली स्थापन झालेले बेने इस्राएल समाजाचे प्रार्थनामंदिर आहे. कोकणातून आलेला हा मराठीभाषक यहुदी समाज आपल्या प्रार्थनामंदिराला ‘मशीद’ म्हणत असे, आणि स्थानकाचे नाव त्यावरूनच आले असे सामान्यतः मानले जाते. शब्द अरबी, वास्तू यहुदी आणि बोलणारे मराठी, असा हा संगम आहे.

स्थानकाजवळची मांडवी पाहावी. मराठीत ‘मांडवी’ म्हणजे जकातघर. संस्कृत ‘मण्डपिका’ हा शब्द उत्तर भारतातील मध्ययुगीन शिलालेखांत जकातीच्या व बाजाराच्या संदर्भात येतो. ‘मांडवी’ त्यापासूनच सिद्ध झाला असून, ‘मंडई’ हाही त्याच मुळाचा असावा. म्हणजे कर आणि भाजी ही दोन्ही एकाच मांडवाखाली वाढली, असे म्हणावयास हरकत नाही.

मुंबादेवीजवळच्या झवेरी बाजाराची गोष्ट निराळी. फारसी ‘गौहर’ अरबीत ‘जौहर’ झाला आणि त्यावरून ‘जौहरी’ आला. आपण मराठीत ‘जवाहिऱ्या’ म्हणतो; बाजाराने मात्र ‘झवेरी’ हे गुजराती रूप धारण केले. नाव कोणाच्या तोंडी घडले, याची ही साक्ष होय.

आता फसवी नावे. ‘तांबाकाटा’ म्हणजे तांबे तोलण्याचा काटा. तेथे धातूच्या भांड्यांचा व्यापार राहिला, म्हणून हे नाव ग्राहकाला अजून उपयोगी पडते. याउलट लोहार चाळीत विळा-कोयता शोधणाऱ्याला विजेच्या तारा, दिवे आणि बटणे दिसतील. दाणाबंदराचे नाव धान्याची आठवण देते. पण शहराचा घाऊक धान्यव्यापार वाशीला गेला. महात्मा जोतिबा फुले मंडईची वास्तू १८६९ साली पूर्ण झाली. मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांचे नाव तिला पूर्वी होते, आणि लोकांच्या तोंडी ‘क्रॉफर्ड मार्केट’ हेच अद्याप आहे. नवख्याने फलक वाचावा. पण वाट विचारताना जुने नाव घ्यावे.

भेंडी बाजाराच्या नावाविषयी एक लोकप्रिय कथा आहे. कोटातील इंग्रज ‘बिहाइंड द बाजार’ म्हणत, त्याचे भेंडी बाजार झाले, असे सांगतात. कथा गोड आहे. परंतु भेंडी हे किनारपट्टीवरील परिचित झाडाचे मराठी नाव आहे, आणि चिंचपोकळी, उंबरखाडी, फणसवाडी या नावांतही झाडेच आहेत. स्थळनामांची अशी सबंध पंगत समोर असता एकाच पाहुण्यासाठी इंग्रजी पान मांडण्याचे कारण दिसत नाही.

ही चर्चा केवळ कुतूहलापुरती नाही. भेंडी बाजारातील जुन्या इमारती पाडून तेथे उंच इमले उभारण्याचे काम चालू आहे. घाऊक व्यापार एकामागून एक शहराबाहेर जात आहेत. कारागीर गेला, वस्तू गेली, इमारतही गेली, म्हणजे त्या व्यवसायाची खूण नावापुरतीच उरते. आणि नाव टिकूनही त्याचा अर्थ विसरला गेला, की तेथे सोयीस्कर कथा घर करते. ठाकुर्लीकरांना हे वेगळे सांगावयास नको. रेल्वेला वीज पुरविण्यासाठी १९२९ साली उभारलेले चोळे येथील वीजघर बंद होऊन कित्येक वर्षे लोटली. तरी ‘पॉवर हाऊस’ म्हटले की जुन्या रहिवाशाला जागा कळते. नव्याने राहावयास आलेल्याला मात्र ती खूण समजावून द्यावी लागते.

म्हणून बाजारात जाणाऱ्या वाचकाला एक विनंती आहे. खरेदीच्या यादीखाली दोन ओळी कोऱ्या ठेवाव्यात. एखाद्या वृद्ध दुकानदाराला त्याच्या गल्लीचे जुने नाव विचारावे, तेथे पूर्वी काय विकले जाई तेही विचारावे, आणि उत्तर तो ज्या शब्दांत देईल त्याच शब्दांत लिहून घ्यावे. भाव करताना घासाघीस अवश्य करावी. त्याच्या शब्दांत मात्र काटछाट करू नये.