वत्सगुल्म, दंडी आणि वर्ज्य अक्षरे

अमुक अक्षरे ज्यात आहेत, किंवा अमुक एक अक्षर ज्यात मुळीच नाही, असे इंग्रजी शब्द हुडकण्याचा खेळ आता आपल्या विद्यार्थ्यांच्याही अंगवळणी पडला आहे. अल्फ्रेड बट्स या अमेरिकन गृहस्थांनी वृत्तपत्रातील अक्षरांची मोजदाद करून रचलेला खेळ १९४८ पासून ‘स्क्रॅबल’ या नावाने ओळखला जाऊ लागला. ‘क्यू’ आणि ‘झेड’ ही अक्षरे इंग्रजीत विरळा येतात, म्हणून त्यांना प्रत्येकी १० गुण. पुढे १९६९ साली जॉर्ज पेरेक या फ्रेंच लेखकाने ‘ई’ हे अक्षर कटाक्षाने टाळून सबंध कादंबरी लिहिली. साहित्याच्या वर्गात या गोष्टी आधुनिक प्रयोग म्हणून सांगितल्या जातात. परंतु अक्षरे वर्ज्य करून कथा सांगण्याचा एक मोठा प्रयोग संस्कृत गद्यात सुमारे तेराशे वर्षांपूर्वीच होऊन गेला आहे. आणि त्या प्रयोगाला लागून येणाऱ्या प्रकरणाचा धागा आपल्या वाशिमपर्यंत येऊन पोहोचतो.

वाशिम हा जिल्हा म्हणून १९९८ साली अकोल्यापासून वेगळा झाला. गाव मात्र फार जुने. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी, वत्सगुल्म. १९३९ साली येथे सापडलेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट याच नगरातून दिलेला असून त्याचा वंशावळीचा भाग संस्कृतात आणि पुढचा प्राकृतात आहे. या शाखेचा संस्थापक सर्वसेन स्वतः कवी होता. त्याचे ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य आज उपलब्ध नाही, पण आनंदवर्धनासारख्या आलंकारिकाने त्याची दखल घेतली आहे. राजशेखराने तर ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह वत्सगुल्मातच लावून दिला. ‘कामसूत्रा’तही वत्सगुल्माच्या लोकांचा उल्लेख येतो, त्याच ग्रंथातील चौसष्ट कलांत प्रहेलिका, अक्षरमुष्टिका आणि प्रतिमाला, म्हणजे आपली अंत्याक्षरी, यांना स्थान आहे. अक्षरांचे खेळ ही त्या काळच्या नागर जीवनाची रीतच होती.

आता दंडीकडे वळू. ‘दशकुमारचरिता’च्या सातव्या उच्छ्वासात मंत्रगुप्त आपली हकिकत सांगतो. प्रणयात प्रियेच्या दातांनी त्याचे ओठ दुखावले आहेत; ओठाला ओठ लावणे त्याला सोसवत नाही. म्हणून तो सबंध कथा ओष्ठ्य वर्णांवाचून सांगतो. प, फ, ब, भ, म ही अक्षरे वर्ज्य. या बंधनाचा अर्थ संस्कृत शिकवणाऱ्याला लगेच उमगेल. ‘भू’ धातू गेला. प्र, परि, उप, अभि असे उपसर्ग गेले. तृतीयेच्या अनेकवचनातील ‘भिः’ गेला. राजाला ‘राजा’ म्हणता येते. ‘नृप’ किंवा ‘भूप’ म्हणता येत नाही. निवेदन प्रथमपुरुषी असूनही ‘अहम्’पुढे स्वराने सुरू होणारा शब्द ठेवण्याची सोय नाही, कारण तेथे मकार उमटतो, पुढे व्यंजन आले तरच त्याचा अनुस्वार होऊन वाट मोकळी होते. म्हणजे शब्दांची निवडच नव्हे, तर त्यांचा क्रमही या नियमाने बांधला जातो.

इंग्रजी खेळाशी याचे साम्य आहे, तसा एक मूलभूत भेदही आहे. इंग्रजी शब्द शोधणारा डोळ्याने शोधतो. उच्चारात मुके राहणारे अक्षरही पाटावर पुरे गुण मिळवते. दंडीचा नियम मुखाचा आहे. आपली वर्णमालाच कंठापासून ओठांपर्यंत उच्चारस्थानांनुसार लावलेली असल्यामुळे एक अख्खा वर्ग एका जखमेने बाद होऊ शकतो. ‘काव्यादर्शा’च्या तिसऱ्या परिच्छेदात दंडीने स्वर, स्थान आणि वर्ण असे तीन प्रकारचे नियम सांगितले, तेव्हा ‘स्थान’ हा शब्द याच अर्थाने आला आहे. शिवाय येथे नियमाला कथेतच कारण आहे. पुढे मम्मटाने चित्रकाव्याला अधम ठरवले आणि आपण परीक्षेपुरते ते वाक्य पाठ केले. पण मंत्रगुप्ताच्या कथेत बंधन आणि आशय वेगळे काढताच येत नाहीत, याकडे आपले दुर्लक्ष झाले.

यापुढचा आठवा उच्छ्वास विदर्भाचा. पुण्यवर्मा या गुणी राजानंतर अनंतवर्मा गादीवर येतो. तो बुद्धिमान आहे, कलांत आणि काव्यात निपुण आहे, पण दंडनीतीकडे त्याचे लक्ष नाही. वृद्ध मंत्री वसुरक्षित त्याला सावध करतो; विहारभद्र नावाचा खुशमस्कऱ्या राजनीतीची अत्यंत चतुर टवाळी करून तो उपदेश पुसून टाकतो. अश्मकाकडून आलेला चंद्रपालित व्यसनांना शास्त्राचा मुलामा देतो. अखेर अश्मकाचे कारस्थान सफल होते, मांडलिक फुटतात आणि अनंतवर्मा मारला जातो. वा. वि. मिराशींनी या कथेत वत्सगुल्म शाखेच्या ऱ्हासाची स्मृती पाहिली; पुण्यवर्म्यात त्यांना हरिषेण दिसला. वॉल्टर स्पिंक यांनी अजिंठ्याचा कालक्रम लावताना हाच आधार घेतला. हे अनुमान आहे, कोरीव लेखाचा पुरावा नव्हे, याचे भान ठेवलेच पाहिजे. तरी दंडीच्या पूर्वजांचे वास्तव्य अचलपुरास होते हे लक्षात घेता अशी स्मृती घराण्यातून त्याच्यापर्यंत आली असणे अशक्य वाटत नाही.

प्रहेलिकांचे तीन उपयोग ‘काव्यादर्शा’त सांगितले आहेत: गोष्ठीतील करमणूक, चारचौघांत गुप्तपणे बोलणे आणि दुसऱ्याला संभ्रमात पाडणे. हा तिसरा उपयोग वाचताना विहारभद्र आठवल्यावाचून राहत नाही. शब्दांवरील हुकमत काय साधू शकते, हे सातव्या उच्छ्वासात दिसते. त्या हुकमतीच्या भुलीत राहणाऱ्याचे काय होते, हे आठव्यात. दोन्ही लिहिणारा एकच आहे, आणि शब्दखेळाचे मर्म त्याच्याइतके फार थोड्यांना कळले असेल. म्हणून त्याचा इशारा खेळाच्या द्वेष्ट्याचा नाही, जाणत्याचा आहे.

या दोन प्रकरणांच्या सीमेवर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. दुखऱ्या ओठांच्या मंत्रगुप्ताला स्वतःचे नाव उच्चारता येणार नाही. ‘विदर्भ’ म्हणता येणार नाही, कारण त्यात भकार आहे. ‘वत्सगुल्म’ही नाही, कारण त्यात मकार आहे. त्या नगराचे आजचे नाव ‘वाशिम’, तेही त्याला वर्ज्यच. विदर्भाची कथा सांगायला ओठ धड असलेला दुसरा निवेदक, विश्रुत, यावा लागतो. दंडीने हे योजून केले असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण अक्षरे मोजत वाचण्याची सवय लागली, की इतिहासही असा अक्षरांतून डोकावू लागतो, हे मात्र खरे.